हाजिर मजालस : सभेचा मध्यस्थ आणि सामान्याची वाट

काही वर्षांपूर्वी एका दाव्याच्या निमित्ताने आम्ही उज्जैनला गेलो होतो. काम आटोपून सायंकाळी फ्रीगंजमधल्या टावर चौकात चहा घेत उभे असता तिथल्या एका वकीलबंधूंनी आनंदाने सांगितले, "आमच्या प्रकरणात आज राजीनामा झाला." आमच्या मनात प्रथम आले ते असे, की कोणी अधिकारी पदावरून गेला असावा. क्षणभराने उलगडा झाला. माळव्याच्या न्यायालयांत राजीनामा म्हणजे दोन पक्षकारांची तडजोड. पद सोडण्याच्या पत्राला तिकडे इस्तीफा किंवा त्यागपत्र म्हणतात.

हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट होती, पण आम्हाला ती सोडवेना. कारण त्या गृहस्थांचा शब्द चुकलेला नव्हता. शब्द बदलला होता तो आमच्याकडे. मराठेशाहीच्या कागदांत राजीनामा याचा अर्थ 'राजी असल्याचे लिहून देणे' असाच आहे. वाद पंचांपुढे जाण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी दोघेही लिहून देत, की या सभेचा निवाडा आम्हास मान्य होईल. तो कागद हाती आल्याशिवाय सभा पुढे सरकत नसे. आज महाराष्ट्रात राजीनामा म्हणजे सभेतून उठून जाणे. एके काळी तो सभेत बसण्याचा करार होता. एका शब्दाच्या या उलट्या प्रवासात आपल्या सार्वजनिक जीवनाचा बराच इतिहास सामावलेला आहे, असे आम्हास वाटते.

उज्जैन हे या विचाराला योग्य स्थळ आहे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथले महाकाळाचे देऊळ पुन्हा उभे केले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरास मुक्काम कायम करीपर्यंत शिंद्यांची राजधानी हीच. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांच्या नावे 'वकील-इ-मुतलक' हे पद मिळविले. तेव्हाचा वकील हा दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याचे म्हणणे मांडणारा प्रतिनिधी होता. शिंद्यांचे कोट्यातील वकील गुळगुळे यांचे मराठी दप्तर आजही अभ्यासकांना परिचित आहे. आम्ही ज्या व्यवसायात आयुष्य घालविले, त्याचे नावही असे दरबाराच्या दारातून आलेले आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. माणसे बोलण्यासाठी एकत्र जमतात, तेव्हा दोन गोष्टी लागतात. पहिली, बोलणे सांभाळणारा कोणीतरी तिथे प्रत्यक्ष उपस्थित असला पाहिजे. दुसरी, नवख्या माणसाला आपण कुठे बोलावे, कोणाला विचारावे आणि झालेला निर्णय कुठे पाहावा हे सापडले पाहिजे. पहिल्या गोष्टीला आम्ही मध्यस्थ म्हणतो, दुसरीला वाट. यांपैकी एक जरी नसली तरी सभेचा बाजार होतो.

मराठी मुलखातील गोतसभेने या दोहोंची सोय कशी केली होती, हे पाहण्यासारखे आहे. गावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार, आणि प्रसंगी परगण्याचे देशमुख व देशपांडे, असे गोत एकत्र बसे. निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. या महजरात आरंभीच 'हाजिर मजालस' अशा शब्दांखाली उपस्थितांची नावे ओळीने लिहिलेली असतात. वाद काय, कोणाचा, किती जमिनीचा हे सारे त्यानंतर. सभेत कोण बसले होते हे आधी सांगायचे, मग सभेने काय केले ते.

येथे शब्दांचे मूळ पाहिले तर आशय अधिक उघड होतो. महजर, हाजिर, हजेरी आणि हुजूर हे चारही शब्द अरबीतील एकाच धातूपासून निघाले आहेत, आणि त्या धातूचा अर्थ आहे उपस्थित असणे. मजालस म्हणजे बैठक. म्हणजे ज्या कागदाने गावचा वाद मिटे, त्याचे नावच मुळी 'उपस्थिती' असे होते. मालकाला हुजूर म्हणायचे तेही तो समोर आहे म्हणून. जो समोर नाही त्याचा निवाडा कोणी मानावा?

उपस्थितीनंतर वाट. गोतसभेचे काम ठरावीक पायऱ्यांनी चाले. आधी राजीनामा आणि जामीन. मग दोन्ही पक्षांच्या तकरिरा, म्हणजे ज्याचे त्याचे म्हणणे. हक्काची हकिकत पूर्वजांपासून सांगायची असेल तर करीना. मग साक्षी आणि जुने कागद. शेवटी निवाडपत्र. हरलेल्या पक्षाने आपण हरलो असे कबूल करणारे येजितखत लिहून द्यायचे. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. आपल्या गावची सभा पक्षपाती आहे अशी शंका असेल तर वाद दुसऱ्या स्थळी नेण्याची मागणी करता येई. अक्षरशत्रू कुणब्यालाही या पायऱ्या पाठ असत, कारण बापजाद्यांकडून त्याने त्या ऐकलेल्या असत. आज पुढची पायरी कोणती हे पक्षकाराला सांगण्यातच वकिलाचा निम्मा दिवस जातो.

महजरावरील निशाण्या हा याच वाटेचा भाग होय. ज्यास लिहिता येत नाही त्याने आपल्या व्यवसायाची खूण काढायची. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. तीनशे वर्षांपूर्वीचा तो कागद हाती घेतला तर मोडी न वाचता येणाऱ्यालाही कळते, की इथे पाटील होता, शेटे होता, न्हावी होता. निरक्षराला सभेच्या कागदावर स्वतःची जागा दाखविता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला दोष लिपीचा. मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहीत जायचे, अशी रीत. तारीख सुहूर सनात, तीही अरबी संख्याशब्दांत. 'सलास खमसैन मया व अलफ' असे लिहिले की तीन, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५३, म्हणजे इ. स. १७५२-५३ असा हिशेब करावा लागे. लिहिणाराला हे वेगाचे आणि सोयीचे होते, परंतु पाहणाराला कुलकर्ण्याच्या दारी जावे लागे. कागद रुमालात, रुमाल दप्तरात आणि दप्तराची किल्ली एकाच घरात. वाट होती, पण तिच्या शेवटच्या वळणावर एक माणूस बसलेला होता, आणि तो नेहमीच निःस्पृह असे असे नाही.

दुसरा दोष अधिक खोल. हाजिर मजालसीत ज्यांची नावे येत ते वतनदार होते. ज्याला वतन नाही, उपरी म्हणून जो गावात राहतो, त्याचे म्हणणे कोण मांडणार? महारांचा गावच्या सीमेविषयीचा शब्द प्रमाण मानला जाई, पण बैठकीत त्यांची जागा कोठे होती हे सर्वांना ठाऊक आहे. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली तेव्हा महात्मा फुले यांनी तिचे निमंत्रण नाकारून जे पत्र पाठविले, त्याचा रोख हाच होता. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि हक्क यांना जागा नाही, तिच्या ठरावांनी त्यांचे काय भले होणार? मध्यस्थ हजर असून भागत नाही, तो कोणाकडे पाहतो हेही पाहावे लागते.

१८१८ नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पंचायतीचा अभ्यास केला आणि १८१९ च्या आपल्या अहवालात तिचे गुणदोष दोन्ही मांडले. लोकांचा तिच्यावर विश्वास आहे हे त्याने जाणले. पण पंच वेळेवर जमत नाहीत, कामे रेंगाळतात, आणि सत्तेचा आधार नसला तर पंचांचा शब्द अमलात येत नाही, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. पुढे १८२७ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात न्यायालये स्थिर झाली. तिथे न्यायाधीश ठरल्या वेळी हजर असे, कागद क्रमांकाने लागत. मात्र भाषा दूर गेली. गोतसभेत मध्यस्थ अधूनमधून हजर असे आणि वाट ओळखीची असे. नव्या कचेरीत मध्यस्थ नित्य हजर, पण वाट अनोळखी.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणणारा माणूस पाहायचा असेल तर आम्ही दादासाहेब मावळंकरांचे नाव घेऊ. गणेश वासुदेव मावळंकर मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्याचे. त्यांचा जन्म १८८८ मध्ये बडोद्यास झाला आणि वकिली त्यांनी अहमदाबादेस केली. महाराष्ट्राबाहेर वाढलेला हा मराठी वकील १९३७ पासून मुंबई विधानसभेचा अध्यक्ष होता आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचा अध्यक्ष झाला. त्यांच्या काळात कामकाज सल्लागार समिती आली, म्हणजे कोणत्या विषयाला किती वेळ हे आधी ठरू लागले. १९५३ मध्ये शासकीय आश्वासनांची समिती नेमली गेली. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पुढे पाळला गेला की नाही, हे शोधण्याचे काम तिच्याकडे आले. पहिली समिती म्हणजे सभेत शिरण्याची वाट, दुसरी म्हणजे सभेतून बाहेर पडलेल्या शब्दाचा माग. १९५६ च्या फेब्रुवारीत पदावर असतानाच ते वारले.

त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क आणि ३५० ख हे अनुच्छेद आले. पहिल्याने अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी विशेष अधिकारी नेमावयाचा होता. मूळच्या ३५० व्या अनुच्छेदाने तर गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आधीच दिला होता. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, असेही पुढे ठरले. कागदावर मध्यस्थ आहे आणि वाटही आहे. पण १९५७ मध्ये त्या अधिकाऱ्याची कचेरी थाटली गेली ती अलाहाबादेस. सीमाभागातल्या एखाद्या खेड्यातील म्हातारीला सातबाऱ्याचा उतारा वाचता येत नाही, तेव्हा तिला अनुच्छेदाचा क्रमांक सांगून काय उपयोग? तिला हवा आहे तो खिडकीपलीकडे बसलेला, तिचे बोलणे समजणारा माणूस, आणि खिडकीवर तिला वाचता येईल अशी पाटी. आमच्याकडे येणारी निम्मी प्रकरणे कायद्याच्या गुंत्याची नसतात. कोणत्या खिडकीवर जायचे हे वेळेवर न कळल्याने मुदत टळलेली असते, एवढेच.

हे दुसऱ्याला सांगताना आपल्या घरात डोकावणेही प्राप्त आहे. आमच्या चळवळीच्या सभा आम्ही तीस वर्षे पाहत आहो. अध्यक्ष उद्घाटनाला येतात, हार घेतात आणि पहिल्या भाषणानंतर निघून जातात. मग ज्याचा आवाज मोठा त्याची सभा. ठराव टाळ्यांनी मंजूर होतात, पण मागच्या सभेचे ठराव कोणत्या वहीत आहेत हे कोणी सांगू शकत नाही. तरुण मुले एकदा येतात, कोपऱ्यात उभी राहतात, कोणी विचारीत नाही म्हणून पुन्हा येत नाहीत. त्यांनी काही लिहून दिलेले नसते. त्यांचा तो राजीनामाच असतो, नव्या अर्थाने.

टावर चौकात त्या सायंकाळी आम्ही बराच वेळ थांबलो. मनोऱ्यावरचे घड्याळ चारी दिशांनी येणाऱ्याला दिसते. कोणाला पत्ता सांगायचा तर लोक आधी 'टावर' सांगतात आणि मग डावे-उजवे. धरणे असो की जयंती, माणसे इथेच जमतात. चौकात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. ज्यांचा जन्म माळव्यातच, महूच्या छावणीत, एका मराठी घरात झाला आणि ज्यांनी पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले, ते इथे उभे आहेत हे आम्हास फार उचित वाटले. गावच्या मजालसीने ज्यांना दूर बसविले, त्यांच्यातल्या एकाने साऱ्या देशाच्या मजालसीचे नियम लिहिले.

वाचकहो, आपल्या पुढच्या सभेसाठी आम्ही फार मोठे काही मागत नाही. अध्यक्षाने शेवटचा माणूस बोलेपर्यंत खुर्ची सोडू नये. दारात एकाने उभे राहून नव्या माणसाला नाव विचारावे आणि जागा दाखवावी. वहीच्या पहिल्या पानावर हजर असलेल्यांची नावे लिहावीत, त्याखाली ठराव लिहावेत, आणि ती वही कोणालाही मागता यावी अशा ठिकाणी ठेवावी. पान उघडताच वर दोन शब्द असावेत, हाजिर मजालस. बाकीचे आपोआप सुचेल.