खानदेशातील खनिज-पूर्वेक्षणाचा इतिहास : बोदवड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बोदवड हे भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील गाव जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. काळी कसदार जमीन, कापसाचे पीक आणि पाण्याची टंचाई ही या परिसराची ओळख होय. महाराष्ट्राच्या खनिज नकाशावर मात्र हा भाग जवळजवळ कोरा दिसतो. विदर्भात कोळसा, मँगनीज व लोह यांच्या खाणी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात थानेवासना येथे तांब्याचे साठे नोंदले गेले आहेत. खानदेशाच्या वाट्याला बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू व कंकर एवढेच आले. त्यामुळे ‘खानदेशात खनिज नाही’ असा समज रूढ झाला. हा समज कोणत्या काळात आणि कोणत्या शोधातून तयार झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कोळशाच्या शोधातील सर्वेक्षण

१८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्य सुरू झाले. आगबोटी व रेल्वे यांना लागणारा कोळसा शोधणे हे त्याचे प्रमुख प्रयोजन होते. या संस्थेतील विल्यम ब्लॅनफर्ड यांचा तापी व नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरील प्रबंध १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. खानदेशाच्या शास्त्रीय भूवर्णनाचा पाया त्यात आढळतो. तत्पूर्वी १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला होता आणि इंजिनांसाठी देशी कोळशाची निकड वाढत होती.

वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर उघडे पडलेले होते. ह्यूज यांचा त्यावरील वृत्तांत १८७७ मध्ये निघाला. खानदेशात मात्र सर्वत्र लाव्हाचा काळा पाषाण आणि त्यावर तापी-पूर्णेचा गाळ होता. कोळसा शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा पाषाण म्हणजे केवळ झाकण होते. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही खनिजसंपत्तीचे वर्णन वाघूर नदीच्या पात्रातील दगड, चुन्यासाठीचे कंकर आणि विटांची माती यांपलीकडे फारसे जात नाही. त्या काळाच्या प्रश्नाला हे उत्तर योग्यच होते. परंतु पुढे प्रश्न विसरला गेला आणि उत्तर तेवढे टिकून राहिले.

पाषाणाखालील भूमीचा वेध

दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे असून त्यांचा आजचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. त्यांच्या खाली काय आहे, या प्रश्नाला भूकंपांनी नवी निकड दिली. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटर बेसॉल्टखाली प्राचीन खडक लागला. कोयना परिसरातील एका छिद्रात ९३२ मीटरवर ग्रॅनाइट आला.

खानदेशाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने केले. स्फोटांद्वारे निर्माण केलेल्या लहरींच्या साहाय्याने मध्य प्रदेशातील थुआदरापासून सेंधव्यामार्गे खानदेशातील सिंदाडपर्यंतच्या रेषेवर तिने भूगर्भाचा वेध घेतला. लाव्हाखाली काही भागांत मध्यजीव कालखंडाचे गाळाचे खडक असावेत, असे अनुमान त्यातून निघाले.

निकेल-तांब्याचा नवा प्रश्न

सैबेरियातील नोरिल्स्क येथील निकेल-तांब्याचे विशाल साठे दख्खनसारख्याच लाव्हाप्रदेशाशी निगडित आहेत. वर चढणारा शिलारस गंधकयुक्त खडकांतून जाताना गंधक शोषून घेतो. मग त्यातून गंधकाचे जड द्रव वेगळे होते आणि निकेल, तांबे व प्लॅटिनम गटातील धातू त्यात गोळा होतात. म्हणून असे साठे पृष्ठभागावर पसरलेल्या लाव्हापेक्षा शिलारसाच्या वाहिन्यांत शोधावे लागतात.

या दृष्टीने पाहता पश्चिम खानदेशातील भित्तिखडक लक्षणीय ठरतात. नंदुरबार–धुळे पट्ट्यात २०० हून अधिक भित्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वांत लांब भिंत सुमारे ७९ किलोमीटरची आहे. तथापि वाहिनी असणे म्हणजे धातू असणे नव्हे. पुरेसे गंधक मिळाले का आणि धातू एकत्र साचले का, हे नमुन्यांच्या रासायनिक पृथक्करणातून व वेधछिद्रांतूनच कळते. बोदवडसारख्या गाळ व काळ्या मातीने झाकलेल्या भागात हे काम अधिकच खर्चिक होते. लिथियमची गोष्ट वेगळी आहे. ते मुख्यतः पेग्मॅटाइट खडकांत व खाऱ्या द्रवांत आढळते. बेसॉल्टात त्याची अपेक्षा धरण्यास आधार नाही.

कायदा आणि शेतकरी

जून २०२३ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत निकेल, तांबे व लिथियम यांचा समावेश आहे. त्याच वर्षी १९५७ च्या खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन खोलवरच्या खनिजांसाठी समन्वेषण परवाना आला. पूर्वेक्षणाचे ‘जी-४’ ते ‘जी-१’ असे टप्पे मानले जातात. ‘जी-४’ म्हणजे प्राथमिक पाहणी. तीतून बहुतेक ठिकाणी खाण निघत नाही. हा भेद ठाऊक नसला, तर शेतात ओढ्याच्या गाळाचे नमुने घेणारा कर्मचारी दिसताच कुणाला सोन्याच्या भावाची आशा वाटते, तर कुणाला जमीन जाण्याची धास्ती. अशा अफवेवर जमिनीचा सौदा झाला, तर नुकसान शेतकऱ्याचेच होते.

समारोप

एकोणिसाव्या शतकाने खानदेशात कोळसा पाहिला, विसाव्याने भूगर्भाची रचना पाहिली आणि एकविसावे निकेल-तांब्याची शक्यता पाहत आहे. प्रत्येक शोधाचे उत्तर त्याच्या प्रश्नापुरतेच खरे असते. म्हणून बोदवडच्या कोऱ्या नकाशावरून संपत्तीची स्वप्ने रंगवणे जितके अशास्त्रीय, तितकेच ‘येथे काही नाही’ हा कायमचा निवाडा देणेही अशास्त्रीय ठरेल. शिवाय पूर्वेक्षणात धातू हाती लागला नाही, तरी खडकाची जाडी, भेगा व गाळाची खोली यांची माहिती उरते. टंचाईग्रस्त तालुक्याला विहीर कोठे खणावी हे ठरवताना तीच उपयोगी पडते. ही माहिती ग्रामपंचायतींपर्यंत मराठीतून पोहोचली, तर निष्फळ ठरलेला शोधही बोदवडच्या कामी येईल.