सभासदत्वाची पावती : अमेरिकेतील शस्त्रहक्क संघटनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

पिस्तुलाच्या मागच्या बाजूला बसवायचा, हाताला आधार देणारा 'ब्रेस' नावाचा सुटा भाग अमेरिकेत वर्षानुवर्षे उघडपणे विकला जात होता. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या एटीएफ या खात्याने नियम काढला, की असा ब्रेस लावलेली बहुतेक पिस्तुले यापुढे आखूड नळीच्या रायफली समजली जातील आणि १९३४ च्या कायद्याखाली त्यांची नोंदणी करावी लागेल. मुदत होती ३१ मे. फायरआर्म्स पॉलिसी कोअलिशन ही संघटना न्यायालयात गेली. पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने नियमाला तात्पुरती मनाई केली, पण ती देशभरासाठी नव्हती. ती खटल्यातल्या वादींपुरती होती, आणि 'वादी' या शब्दात संघटनेचे सभासदही येतात असा खुलासा न्यायालयाने नंतर केला. पाठोपाठ सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन आणि गन ओनर्स ऑफ अमेरिका यांच्या सभासदांनाही तसेच संरक्षण मिळाले. परिणाम असा झाला, की एकाच गल्लीतल्या दोन घरांत एकाच प्रकारचे पिस्तूल होते. एका मालकाकडे वर्गणीची पावती होती म्हणून तो निर्धास्त होता, आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार होती. जून २०२४ मध्ये टेक्ससमधल्या न्यायालयाने तो नियमच रद्द केला.

या अभ्यासक्षेत्रात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी मुद्दाम या प्रसंगापासून आत घेतो आहे. अमेरिकेतल्या बंदुकांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा शाळेतल्या गोळीबारानंतर, दोन दिवस, हळहळ आणि संताप या दोन सुरांत. हळहळ खरी आहे. पण त्या देशातला एखादा सुतार, परिचारिका किंवा निवृत्त शिक्षक 'मी कुठल्या संघटनेचा सभासद होऊ?' असे विचारतो तेव्हा त्याच्यापुढे नेमके काय असते, हे त्यातून कळत नाही. तो प्रश्न नीट समजून घेतला, तर अमेरिकी राज्यघटना, करकायदा, निवडणूक कायदा आणि संस्थाजीवन या चारही गोष्टी एका धाग्यात येतात. म्हणून मी त्याला या क्षेत्राचा दरवाजा म्हणतो.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. नॅशनल रायफल असोसिएशन या नावाची एक संस्था आपल्याकडेही आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या भारतीय संस्थेचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले तेच. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते, आणि कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले ती वाट याच संस्थेच्या स्पर्धांमधून जाते. अमेरिकेतली त्याच नावाची संस्थाही नेमबाजीसाठीच जन्माला आली होती. एक खेळाची संस्था राहिली, दुसरी राजकारणाची झाली. कायद्याची चौकट हे त्याचे एक कारण आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक ही परवान्याने मिळणारी सवलत आहे. तिकडे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे तो हक्क म्हणून मागता येतो. दुसरे कारण संस्थेच्या पोटात घडलेल्या घटनांचे आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते.

१८७१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट या दोन माजी सेनाधिकाऱ्यांनी नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, स्थापन केली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांची नेमबाजी किती कच्ची होती हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जनरल ॲम्ब्रोज बर्नसाइड पहिले अध्यक्ष झाले आणि लाँग आयलंडवर क्रीडमूर येथे नेमबाजीचे मैदान उभे राहिले. पुढची साठेक वर्षे या संस्थेचे काम म्हणजे स्पर्धा, प्रशिक्षण आणि शिकार. १९३४ मध्ये मशीनगनवरच्या कायद्याची सुनावणी झाली तेव्हा अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी, जे स्वतः ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते नेमबाज होते, सरसकट शस्त्र बाळगून फिरण्याला आपला पाठिंबा नसल्याचे संसदेच्या समितीपुढे सांगितले. अध्यक्ष केनेडींच्या हत्येत वापरलेली रायफल टपालाने मागवलेली होती, आणि तिची जाहिरात एनआरएच्याच 'अमेरिकन रायफलमन' मासिकात आली होती. टपालविक्री थांबवण्याच्या सूचनेला तेव्हा संस्थेच्या वरिष्ठ पदाधिकाऱ्याने विरोध केला नाही. १९६८ चा बंदूक नियंत्रण कायदा आला आणि संस्थेत दोन तट पडले.

मे १९७७ मधली सिनसिनाटीची वार्षिक सभा हे या इतिहासाचे वळण आहे. नेतृत्वाचा विचार होता की मुख्यालय वॉशिंग्टनमधून कोलोराडोला हलवावे आणि राजकारणापेक्षा शिकार व निसर्गरक्षणावर भर द्यावा. सभासदांच्या एका गटाला हे मान्य नव्हते. केशरी शिकारी टोप्या घातलेले, वॉकीटॉकीवरून एकमेकांना निरोप देणारे हे सभासद हार्लन कार्टर आणि नील नॉक्स यांच्या मागे उभे राहिले. सभा पहाटेपर्यंत चालली. त्यांनी संस्थेच्याच घटनेतल्या तरतुदी आणि सभेच्या कामकाजाचे नियम वापरून ठराव मांडले, पदाधिकारी बदलले, घटना दुरुस्त केली. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत पॅनेल उलथताना पाहिलेल्या मराठी माणसाला ती रात्र समजावून सांगायची गरज नाही. मला त्यात जे महत्त्वाचे दिसते ते असे : आज जगाला ठाऊक असलेली एनआरए सभासदांच्या मतांनी घडली, आणि ते मत त्यांना होते म्हणूनच घडू शकली.

म्हणून कोणी मला विचारले की संघटना कशी पारखावी, तर मी आधी तिच्या घोषणा बाजूला ठेवतो आणि तिची घटना मागतो. सभासदाला मत आहे का? एनआरएमध्ये आजीव सभासदाला आणि सलग पाच वर्षे वर्गणी भरलेल्याला संचालक मंडळासाठी मतदान करता येते. शस्त्रहक्काच्या इतर कित्येक संघटनांत 'सभासद' म्हणजे देणगीदार. त्याला मासिक मिळते, गाडीवर लावायला स्टिकर मिळते, मत मिळत नाही.

मग या संघटना सभासद वाढवण्यासाठी एवढ्या का धडपडतात? उत्तर निवडणूक कायद्यात आहे. संघटनेशी जोडलेल्या राजकीय निधीसाठी देणगी मागायची तर ती फक्त आपल्या सभासदांकडे मागता येते. १९८२ मध्ये नॅशनल राइट टू वर्क कमिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पत्राला उत्तर देणारा किंवा एकदा पैसे पाठवणारा माणूस एवढ्याने सभासद ठरत नाही. संघटनेशी त्याचे काही टिकाऊ नाते हवे. तो खटला बंदुकांचा नव्हता, कामगार संघटनांच्या सक्तीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचा होता, तरीही त्याच्याशिवाय हे क्षेत्र समजत नाही. त्याच्या जोडीला करकायदा वाचावा लागतो. कलम ५०१ (सी) (३) खालच्या प्रतिष्ठानाला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते, पण त्याला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही आणि कायदेमंडळावर दबाव आणण्याचे काम मर्यादेतच करता येते. (सी) (४) खालच्या संस्थेला तो दबाव मोकळेपणाने आणता येतो, पण तिच्या देणगीला सवलत नाही. त्यामुळे एकाच बोधचिन्हाखाली दोन-तीन वेगवेगळी खाती असतात, आणि देणाऱ्याचा पैसा कुठल्या खात्यात जातो त्यावर तो वकिलाकडे जाणार, शाळकरी मुलांच्या प्रशिक्षणाला जाणार की निवडणुकीला, हे ठरते.

न्यायालयीन आघाडीवर तर आकाराने लहान संस्थांनी मोठा इतिहास घडवला. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला. तो खटला रॉबर्ट लेव्ही यांनी स्वतःच्या पैशाने उभा केला आणि वकील ॲलन गुरा यांनी लढवला. एनआरएला सुरुवातीला तो नकोच होता. न्यायालयाचा कल पाहता हार होईल आणि दार कायमचे बंद होईल अशी तिची भीती होती. २०१० चा मॅकडॉनल्ड खटला, ज्याने हा हक्क राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक केला, तो सेकंड अमेंडमेंट फाउंडेशनने इलिनॉयच्या राज्य संघटनेसह चालवला. ही १९७४ मध्ये ॲलन गॉटलीब यांनी स्थापन केलेली, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू गावातली संस्था. घराबाहेरही बंदूक बाळगण्याचा हक्क मानणाऱ्या २०२२ च्या ब्रूएन निकालातली वादी होती न्यूयॉर्कची राज्य रायफल व पिस्तूल संघटना. राष्ट्रीय संघटनेच्या झगमगाटात राज्य संघटनेकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते नवा सभासद इथेच सर्वांत मोठी चूक करतो. परवान्याचे, बाळगण्याचे, साठवण्याचे बहुतेक नियम राज्याच्या राजधानीत ठरतात. तिथल्या समितीपुढे साक्ष द्यायला जाणारी माणसे राज्य संघटनेचीच असतात.

या चळवळीचा चेहरा एकच आहे, हाही गैरसमज. १९५० च्या दशकात उत्तर कॅरोलायनातल्या मन्रो गावी रॉबर्ट विल्यम्स यांनी कृष्णवर्णीयांचा रायफल क्लब काढला तो एनआरएची सनद घेऊन, कू क्लक्स क्लॅनपासून वस्ती वाचवण्यासाठी. १९६७ मध्ये मात्र ब्लॅक पँथर्स बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले आणि त्याच वर्षी त्या राज्यात भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आली. राज्यपाल रेगन यांनी त्यावर सही केली. आज कृष्णवर्णीय बंदूकधारकांची २०१५ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना आहे, समलिंगी समाजाची पिंक पिस्टल्स आहे, डाव्या आणि उदारमतवादी विचारांचे क्लब आहेत. ज्याला एनआरएच्या सभेत परके वाटते त्याला जायला जागा आहेत. दुसऱ्या टोकाला १९७० च्या दशकात निघालेली गन ओनर्स ऑफ अमेरिका आहे, जिचा दावाच मुळी तडजोड न करण्याचा आहे.

एकाच वेळी चार संघटनांची वर्गणी भरणारे सभासद यामुळेच दिसतात, आणि एकही न भरणारे त्याहून कितीतरी जास्त. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेला पेच हाच : हक्क मिळाला तर तो सर्वांनाच मिळतो, मग वर्गणी कोणी का भरावी? ब्रेसच्या खटल्याने त्या पेचाला अनपेक्षित उत्तर दिले, कारण तिथे लाभच सभासदांपुरता मर्यादित झाला. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दुसरा प्रश्न विचारला : संस्था बिघडली तर बाहेर पडावे की आत राहून बोलावे? एनआरएने हा प्रश्न प्रत्यक्षात आणला. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या महान्यायवादींनी संस्थेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल दावा लावला. २०२१ मध्ये संस्थेने केलेला दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयाने फेटाळला. १९९१ पासून कारभार पाहणारे वेन लापिएर जानेवारी २०२४ मध्ये पायउतार झाले, आणि फेब्रुवारीत ज्युरीने त्यांना जबाबदार धरले. कित्येक सभासद सोडून गेले. काहींनी निवडणूक लढवून मंडळात सुधारक निवडून आणले. मला दुसऱ्यांचे धैर्य मोठे वाटते. पण त्यांच्याकडे मत होते, हे विसरता येत नाही.

या अभ्यासात मृतांचा विसर पडू नये. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. एव्हरीटाउन, गिफर्ड्स, ब्रेडी या नियंत्रणवादी संघटनांचा अभ्यास याच क्षेत्राचा भाग आहे, आणि त्यांनाही घटनेची व सभासदाच्या मताची हीच कसोटी लावावी. बंदूकधारकांच्या बाजूने पाहिले तर मला आशा वाटते ती एका छोट्या कामात. न्यू हॅम्पशायरमध्ये एकाच दुकानातून घेतलेल्या बंदुकांनी आठवड्याभरात तिघांनी जीव दिला, तेव्हा दुकानदार आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र बसले आणि निराश गिऱ्हाईक कसे ओळखावे याची माहिती दुकानांतून वाटू लागले. २०१६ मध्ये उद्योगाची संघटना नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन हिनेही आत्महत्या प्रतिबंधक संस्थेशी हात मिळवला. जी संघटना आपल्या सभासदाच्या जिवाबद्दल त्याच्याशी बोलते, तिला मी वरचे स्थान देतो.

न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या मराठी कुटुंबांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. ग्रीन कार्ड असलेल्याला तिथे बंदूक घेता येते. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, ती बाळगणेही गुन्हा आहे. यापुढे या विषयावर मराठीत लिहिणारा कोणी त्यांच्यातून आला तर मला आनंद होईल.

सुरुवात कुठून करावी? मॅथ्यू लाकोम यांनी 'अमेरिकन रायफलमन'चे जवळजवळ ऐंशी वर्षांचे अग्रलेख वाचून दाखवून दिले, की संस्थेने बंदूकधारक ही एक सामाजिक ओळख शब्दांतून कशी घडवली. ॲडम विंकलर यांचा इतिहास आणि जेनिफर कार्लसन यांचे क्षेत्रकार्य त्यानंतर घ्यावे. पण त्याआधी एक काम करा. अमेरिकेतल्या या संस्थांना दरवर्षी 'फॉर्म ९९०' नावाचे विवरण भरावे लागते, आणि ते पाहण्याचा हक्क कोणालाही आहे, पुण्यात किंवा नागपुरात बसलेल्या विद्यार्थ्यालाही. कुठल्याही दोन संघटना निवडा, त्यांची दहा वर्षांची विवरणे शेजारी शेजारी ठेवा, आणि पगार, वकील, प्रशिक्षण व टपाल यांवर किती खर्च झाला ते वहीत उतरवून घ्या. मग त्यांच्या घटना वाचा, आणि त्यानंतर आपण बोलू.