सँडस्ट्रॉम, डेल व्हर्नन

सँडस्ट्रॉम, डेल व्हर्नन : (९ मार्च १९५०– ). अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील विधिज्ञ, तेथील सार्वजनिक सेवा आयोगाचे सदस्य (१९८३–९२) आणि नंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती (१९९२–२०१६). वीज, वायू व दूरध्वनी कंपन्यांचे दर ठरविणारा नियामक आणि अशा नियामकांचे आदेश तपासणारा न्यायाधीश या दोन्ही भूमिका त्यांनी एकाच राज्यात पार पाडल्या. दोन्ही पदांसाठी त्यांना राज्यभरातील मतदारांना सामोरे जावे लागले. आयोगाची निवडणूक पक्षाच्या नावावर होते, तर न्यायालयाच्या मतपत्रिकेवर पक्षाचा उल्लेख नसतो. सँडस्ट्रॉम आयोगावर रिपब्लिकन पक्षाचे होते.

त्यांचा जन्म ग्रँड फोर्क्स येथे झाला. नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठातून १९७२ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी १९७५ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळविली. त्याच वर्षी ते राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून रुजू झाले. त्या वेळी ॲलन ऑल्सन हे ॲटर्नी जनरल होते. ग्राहकांची फसवणूक आणि मक्तेदारीविरोधी कायदे यांसंबंधीच्या विभागाचे प्रमुखपद सँडस्ट्रॉम यांच्याकडे १९८१ पर्यंत होते. ऑल्सन गव्हर्नर झाल्यावर, १९८१ ते १९८३ या काळात, सँडस्ट्रॉम राज्याचे रोखे आयुक्त होते. समभाग व रोख्यांच्या विक्रीवर देखरेख ठेवणे आणि गुंतवणूकदारांची फसवणूक रोखणे हे या पदाचे काम होते. न्यायालयात येण्यापूर्वीच्या या साऱ्या कामात एक सूत्र दिसते : एका बाजूला संघटित कंपनी आणि दुसऱ्या बाजूला विखुरलेले ग्राहक, अशा व्यवहारात सरकारने कोठे व किती हात घालावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे सतत होता.

सार्वजनिक सेवा आयोग : नावावरून वाटू शकेल तसा या आयोगाचा सरकारी नोकरभरतीशी संबंध नाही. त्याचे मूळ १८८५ मध्ये डकोटा प्रदेशात नेमलेल्या रेल्वे आयोगात आहे. १८८९ मध्ये नॉर्थ डकोटा स्वतंत्र राज्य झाले, तेव्हा संविधानाने निर्वाचित रेल्वे आयुक्तांची तरतूद केली. गहू पिकविणाऱ्या या राज्यात शेतकऱ्याचे उत्पन्न दोन गोष्टींवर अवलंबून होते : रेल्वेचे भाडे आणि रुळांलगतच्या धान्यकोठारांचे दर. या कोठारांचे दर राज्याने ठरवावेत काय, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९४ मध्ये ब्रास विरुद्ध नॉर्थ डकोटा या खटल्यात राज्याचा अधिकार मान्य झाला. पुढे वीज, वायू आणि दूरध्वनी सेवांचे नियमन वाढत गेले. १९४० पासून आयोगाला सध्याचे नाव आहे.

आयोगाचे तीन सदस्य असून प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची असते. त्यांच्या निवडणुका आलटून पालटून होतात, त्यामुळे तिन्ही जागा एकदम रिकाम्या होत नाहीत. मतदारसंघ मात्र तिघांनाही एकच, म्हणजे संपूर्ण राज्य. १९९० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ६,३८,८०० होती. सँडस्ट्रॉम यांच्या सहकाऱ्यांपैकी ब्रूस हेगन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे होते आणि १९६१ पासून आयोगावर होते.

दरवाढीचा अर्ज आला की आयोग कंपनीची सेवेत गुंतलेली मालमत्ता, चालू खर्च आणि भांडवलावरील वाजवी परतावा यांचा हिशेब तपासतो. साक्षी शपथेवर होतात, उलटतपासणी होते आणि कारणांसह लेखी आदेश निघतो. अर्थात कामाची रीत न्यायालयासारखीच आहे. खाजगी भांडवलाच्या वीजकंपन्या, उदा., माँटाना–डकोटा युटिलिटीज, ऑटर टेल पॉवर आणि नॉर्दर्न स्टेट्स पॉवर, या दरनियंत्रणाखाली येतात. ग्रामीण वीज सहकारी संस्थांचे दर त्यांचे सभासदच ठरवितात. १९७५ च्या कायद्यानुसार मोठी वीजनिर्मिती केंद्रे आणि पारेषण वाहिन्या यांच्या जागेलाही आयोगाची मंजुरी लागते. राज्याच्या पश्चिम भागातील लिग्नाइट खाणींतून कोळसा काढल्यावर जमीन पूर्ववत करून घेणे हे कामही आयोगाकडे आहे. धान्यकोठारांना परवाने देणे आणि त्यांच्याकडून आर्थिक हमी घेणे, ही कामेही सँडस्ट्रॉम यांच्या काळात आयोगाकडे होती.

सँडस्ट्रॉम यांचा काळ दूरध्वनी क्षेत्रातील उलथापालथीचा होता. १ जानेवारी १९८४ रोजी ‘एटी अँड टी’ची देशव्यापी मक्तेदारी मोडली गेली. नॉर्थ डकोटातील स्थानिक सेवा देणारी नॉर्थवेस्टर्न बेल कंपनी ‘यूएस वेस्ट’ या नव्या समूहात गेली आणि लांब पल्ल्याच्या सेवेत स्पर्धा आली. कोणत्या सेवांवर दरनियंत्रण ठेवायचे आणि कोणत्या बाजारावर सोडायच्या, हे राज्याराज्यांतील आयोगांना नव्याने ठरवावे लागले.

न्यायालयाकडे : नॉर्थ डकोटाच्या सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्ती असतात आणि त्यांची मुदत दहा वर्षांची असते. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाल्यास गव्हर्नर नेमणूक करतात. नेमलेल्या व्यक्तीला पुढे निवडणूक लढवावी लागते. न्यायमूर्ती एच. एफ. गिर्की १९९१ मध्ये संघराज्याच्या लष्करी अपील न्यायालयावर गेले. त्यांच्या जागी नेमलेले जे. फिलिप जॉन्सन यांचा १९९२ च्या निवडणुकीत पराभव करून सँडस्ट्रॉम न्यायालयात आले. ही निवड उरलेल्या मुदतीपुरती होती. १९९६ आणि २००६ मध्ये ते पूर्ण मुदतीसाठी पुन्हा निवडून आले.

आयोगाच्या आदेशाविरुद्ध आधी जिल्हा न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र तेथे दर नव्याने ठरविले जात नाहीत. याविषयीची कसोटी १९७९ च्या पॉवर फ्युएल्स विरुद्ध एल्किन या निवाड्यात सांगितली आहे. खटल्याच्या नावातील रिचर्ड एल्किन हे तेव्हाचे आयोगसदस्य होत. पुढे आलेल्या पुराव्याच्या बळावर विचारी माणूस आयोगाच्या निष्कर्षाप्रत येऊ शकला असता काय, एवढेच न्यायालय पाहते. स्वतःला वेगळा निष्कर्ष पटला म्हणून न्यायालय आयोगाचा आदेश फिरवत नाही. आदेश लिहिणारा आणि तो तपासणारा यांच्यातील ही मर्यादा सँडस्ट्रॉम यांनी दोन्ही बाजूंनी अनुभवली.

राज्यात कायमस्वरूपी मधले अपील न्यायालय नसल्याने कौटुंबिक वाद, फौजदारी शिक्षा, तेलाच्या हक्कांचे तंटे, वाहनचालकांचे परवाने अशी सर्व प्रकारची अपिले थेट या पाच जणांपुढे येतात. नियामक म्हणून मिळविलेले विशेष ज्ञान त्यामुळे रोजच्या कामाच्या एका लहान भागापुरतेच उपयोगी पडते. सँडस्ट्रॉम यांच्या पत्नी गेल हॅगर्टी याही बिस्मार्क येथे जिल्हा न्यायाधीश होत्या. त्यांच्या निकालांवरील अपिलांत सँडस्ट्रॉम बाजूला होत आणि त्यांच्या जागी दुसरे न्यायाधीश बसत.

राज्याच्या संविधानानुसार कोणताही कायदा घटनाबाह्य ठरविण्यास पाचपैकी किमान चार मते लागतात. या नियमाचा परिणाम २०१४ च्या एमकेबी मॅनेजमेंट विरुद्ध बर्डिक या खटल्यात दिसला. औषधांद्वारे होणाऱ्या गर्भपातावर निर्बंध घालणारा २०११ चा कायदा जिल्हा न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयात चार मते न जमल्याने तो कायदा टिकला. राज्याच्या संविधानात गर्भपाताचा हक्क अभिप्रेत नाही, असे मत सँडस्ट्रॉम यांनी स्वतंत्रपणे नोंदविले.

निवाड्यांखेरीज त्यांचे काम कार्यपद्धतीच्या नियमांशी निगडित होते. दिवाणी, फौजदारी, अपील आणि पुरावा यांविषयीच्या नियमांतील बदल सुचविणाऱ्या संयुक्त कार्यपद्धती समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९७ पासून, न्यायालयाने निवाड्यांना वर्ष व क्रमांक देण्याची आणि परिच्छेदांना आकडे घालण्याची पद्धत स्वीकारली. छापील खंडाच्या पानावर विसंबून न राहता निवाड्याचा दाखला देणे त्यामुळे शक्य झाले.

२०१६ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक लढविली नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत जेरॉड टफ्टी यांची त्यांच्या जागी निवड झाली आणि वर्षअखेरीस सँडस्ट्रॉम निवृत्त झाले. आयोग व न्यायालय मिळून सुमारे ३३ वर्षे ते राज्यस्तरीय पदांवर होते. निर्वाचित नियामक दर कमी ठेवून मते मिळविण्याच्या मोहात पडेल आणि निर्वाचित न्यायाधीश लोकप्रिय निकाल देईल, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. नॉर्थ डकोटाने त्यावर योजलेले उपाय कार्यपद्धतीचे आहेत : आयोगाच्या आदेशाला पुराव्याचे बंधन, न्यायालयीन तपासणीला मर्यादा, न्यायालयाच्या निवडणुकीत पक्षाच्या नावाला मज्जाव आणि कायदा रद्द करण्यास चार मतांची अट. सँडस्ट्रॉम यांची कारकीर्द या चारही बंधनांखाली घडली.