आधी शेजार, मग औषध

मंडळाच्या बैठकीत एक तक्रार नेहमी कानी येते : गल्लीतले काम सर्वांचे, म्हणून ते कोणाचेच नव्हे. तक्रार जुनीच आहे. आपल्याच जिल्ह्यात, जामखेड भागातील खेड्यांनी तिच्यातून वाट कशी काढली, तो इतिहास भगिनींनी ऐकण्यासारखा आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडास येऊन राहिले. मुलूख अवर्षणाचा, त्यात १९७२ चा दुष्काळ. त्या सुमारास तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. बहुतेक दुखणी घाणेरड्या पाण्याची व अर्धपोटी राहण्याची. ती सुईने जाणारी नव्हती, साऱ्या गावाने हात लावला तरच हटणारी होती. परंतु गाव एक होते कोठे? वस्त्या निराळ्या, पाणवठे निराळे.

म्हणून डॉक्टरांनी गावच्या पुरुषमंडळींना जमविले ते व्हॉलीबॉल खेळावयास! चेंडू कोणत्या जातीच्या हातून आला, हे खेळाच्या भरात कोण पाहतो? खेळून दमल्यावर मंडळी गप्पा मारीत बसत, आणि गप्पा आपोआप गावाच्या अडचणींवर येत. त्यातूनच पुढे शेतकरी मंडळे उभी राहिली. दुष्काळात कूपनलिका खोदल्या, तेव्हा हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसविले. कोणी याला युक्ती म्हणेल, म्हणो बापडा. घागर घेऊन रोज तेथे जाणाऱ्या बायकांत जी बोलचाल सुरू झाली, ती शंभर व्याख्यानांनी झाली नसती.

आम्हां बायकांना व्हॉलीबॉल कोण खेळू देणार! पण खरे काम पुढे बायकांनीच केले. बाहेरून आणलेल्या नर्सबाई खेड्यात रमेनात, तेव्हा गावातलीच एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडावी असे ठरले. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. शिक्षणासाठी त्या जामखेडला मुक्कामास येत, एकत्र रांधीत, एका पंगतीस जेवीत आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली निजत. सवर्ण बाईस पहिल्या रात्री झोप कशी लागली असेल, ते तिचे तिलाच ठाऊक! परत गावी गेल्यावर मात्र तिला सुईणपणासाठी कोणत्याही दाराशी हाक मारता येई, कारण ती परकी नव्हती. तिच्याभोवती महिला मंडळे जमली. पाणी, शौचकूप, बचत, मुलींची लग्ने हे विषय तेथे निघू लागले.

१९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९६ च्या सुमारास अर्भकमृत्यूंचा तो आकडा १७६ वरून २६ वर आला होता. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. जामखेडचे केंद्र पुढेही चालूच राहिले. देशोदेशीचे डॉक्टर तेथे शिकावयास आले, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत खेड्यातल्या या बायाही होत्या.