न परतलेला डॉक्टर : एका युद्धपटामागचा इतिहास

१/ युद्धपट म्हटला की शत्रूच्या तावडीतून सुटका, तोफांच्या गडगडाटात जुळलेले प्रेम आणि खचल्यावर पुन्हा गवसलेले धैर्य आठवते. ‘कॅसाब्लांका’ २६ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम झळकला. तेराच दिवसांनी, ९ डिसेंबरला, उत्तर चीनमध्ये एका मराठी डॉक्टरने प्राण सोडले. आजचा धागा त्यांच्यावरील चित्रपटाविषयी.

२/ आमच्या बीडहून धुळे-सोलापूर महामार्गाने दक्षिणेस निघाले की तुळजापूर ओलांडून सोलापूर लागते. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म तिथलाच, १९१० चा. वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले.

३/ जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले : अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस.

४/ कोटणीस चीनमध्ये असतानाच वडील निवर्तले. घरी परतण्यास याहून सबळ कारण कोणते? तरीही ते आघाडीवरच राहिले. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह झाला. मुलाचे नाव यिनह्वा : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन.

५/ ख्वाजा अहमद अब्बास यांनी ही कथा ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या पुस्तकात मांडली. तिच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये राजकमल कलामंदिरातर्फे ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पडद्यावर आणली. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, तर छिंगलान यांची त्यांच्या पत्नी जयश्री यांनी. संगीत वसंत देसाई यांचे.

६/ चित्रपटातला नायक जपान्यांच्या हाती सापडतो, निसटतो आणि अखेर साथीच्या रोगाला बळी पडतो. इतिहासातील कोटणीस अपस्माराने गेले. वय अवघे ३२ वर्षे. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

७/ हा बदल का झाला असावा? पडद्याला ओलांडण्यासाठी भिंत लागते. कोटणीसांपुढे भिंत नव्हतीच, दार सताड उघडे होते. अटल, चोळकर आणि मुखर्जी आपले काम करून त्याच दाराने मायदेशी परतले होते. ‘कॅसाब्लांका’चा रिकही सुटकेची कागदपत्रे दुसऱ्यांच्या हाती देऊन मागे राहतो. तिथे तो निर्णय एका रात्रीचा आहे. कोटणीसांना तो रोज सकाळी नव्याने घ्यावा लागला असणार.

८/ म्हणून चित्रपट खोटा ठरवू नये. १९४६ चा भारत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता, आपला बीड जिल्हा तर निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळाला बंध तोडून निसटणारा नायक जवळचा वाटणे स्वाभाविक होते. चित्रपट १९४६ चे साधन म्हणून वाचावा. १९४२ चे धैर्य मात्र अब्बासांच्या शीर्षकात आहे : एक जण परतला नाही.

धागा समाप्त.