कूपरचे ससे

ससा घरात मोकळा ठेवला की पहिली तक्रार येते ती झोपेची. दिवसभर कोपऱ्यात डोळे अर्धवट मिटून बसलेला हा प्राणी दिवे मालवल्यावर उठतो, मागचे पाय जमिनीवर आपटतो, पलंगाचा खूर कुरतडतो, आणि पहाटे चारला पुन्हा सगळे पहिल्यापासून सुरू करतो. वर्गात ससा पाळणारे शिक्षक सुट्टीत तो घरी नेतात तेव्हा त्यांनाही हाच अनुभव येतो. अशा वेळी आम्हाला अठराव्या शतकातील एका इंग्रज कवीची आठवण होते.

विल्यम कूपर (१७३१-१८००) हा बकिंगहॅमशायरमधील ओल्नी या लहानशा गावी मेरी अन्विन या बाईंच्या कुटुंबासोबत राहत असे. १७७३ साली त्याला तीव्र नैराश्याचा झटका आला. वाचन नको, माणसे नकोत, अशी त्याची अवस्था झाली. पुढच्या वर्षी शेजारच्या मुलांनी पाळलेले सशाचे एक पिल्लू त्याच्याकडे आले. मुलांना त्याचा कंटाळा आला होता आणि ते खंगत चालले होते. कूपर ससा पाळतो ही बातमी पसरताच लोक इतकी पिल्ले आणून देऊ लागले की, त्याने तीनच ठेवून घेतली. पस, टायनी आणि बेस. नावे मादीची वाटली तरी तिघेही नर होते.

येथे एक खुलासा करायला हवा. मराठीत आपण एकाच 'ससा' शब्दाने दोन वेगळे प्राणी ओळखतो. कूपरचे ससे रानससे होते. ते बीळ खणत नाहीत. त्यांची पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. आपल्या माळरानावरचा ससा याच लेपस प्रजातीतला. दुकानातून येणारा पांढरा ससा मात्र दक्षिण युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे आणि त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात. (आपला रानससा पकडून पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.) दिवसा विश्रांती आणि तिन्हीसांजेपासून धावपळ, ही सवय मात्र दोघांचीही.

कूपरने या सशांची हकीकत १७८४ साली 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पत्ररूपाने छापली. एखाद्या निरीक्षकाच्या टिपणवहीसारखे ते पत्र आहे. प्रत्येक सशाला त्याने झोपण्यासाठी वेगळे खोके केले होते. खोक्याच्या तळातून लेंड्या खाली पडत आणि त्या खाली ठेवलेल्या मातीच्या पसरट भांड्यात जमत. ते रोज रिकामे करून धुतले जाई. दिवसा ससे घरातल्या मोठ्या दालनात हिंडत. रात्री जेवणानंतर त्यांना बैठकीच्या खोलीत सोडले जाई. तेथे गालिचा असल्याने पाय घसरत नसत आणि मग उड्या, लोळणे, एकमेकांवरून झेपा असा खेळ रंगे. त्यानंतर ज्याचा तो आपल्या खोक्यात जाई आणि दुसऱ्याच्या खोक्यात कधीही शिरत नसे.

प्रत्येकाचा स्वभावही त्याने नोंदला आहे. पस मांडीवर येऊन बसे. टायनी शेवटपर्यंत तुसडाच राहिला; हात लावला की गुरगुरे, पुढचे पाय मारी. एकदा मांजराने बेसच्या गालावर थाप मारण्याचे धाडस केले, तेव्हा बेसने त्याच्या पाठीवर असा काही ताशा वाजवला की मांजराला पळ काढावा लागला. गालिच्याला पडलेल्या भोकावर ठिगळ लावले, तर सशांनी ते ताबडतोब हुंगून तपासले.

आमच्या मते या पत्रातील सर्वांत मोलाची नोंद पसच्या दिनक्रमाची आहे. सकाळच्या न्याहारीनंतर कूपर त्याला बागेत नेई. तेथे काकडीच्या वेलाखाली तो संध्याकाळपर्यंत झोपे किंवा रवंथ करी, असे कूपर लिहितो. बागेची वेळ झाली की पस त्याच्या गुडघ्यावर पायांनी ताल धरी. तेवढ्याने भागले नाही तर कोटाचे टोक दातात धरून ओढी. म्हणजे प्राण्याने माणसाची वेळ शिकून घेतली होती आणि माणसाने प्राण्याची.

रवंथाची गोष्ट मात्र चुकीची होती. ससा रवंथ करतो असे बायबलच्या जुन्या करारातही म्हटले आहे. दिवसा स्वस्थ बसलेल्या सशाचा जबडा हलताना दिसतो, त्यावरून हा समज झाला असावा. खरा प्रकार मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली वर्णन केला. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. कोरड्या, गोल लेंड्या आपण झाडून टाकतो. मऊ, चकचकीत लेंड्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, म्हणजे उंडुकात तयार होतात. तेथील जीवाणूंनी बनवलेली प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे त्यांत असतात. विश्रांतीच्या काळात ससा त्या थेट गुदद्वारापासून तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. पाहणाऱ्याला तो अंग चाटतो आहे असेच वाटते. दहा वर्षे जवळून पाहूनही कूपरला हे उमगले नाही, यात आश्चर्य नाही.

आता झोपेचा प्रश्न. कूपरच्या सशांना संध्याकाळची हक्काची धावपळ होती, म्हणून रात्र त्यातल्या त्यात शांत जाई. पिंजऱ्यात कोंडलेल्या सशाची तीच धावपळ आपल्या उशाशी होते. सूर्यास्तानंतर दोन-तीन तास त्याला मोकळे सोडावे, जमिनीवर सतरंजी घालावी, रात्रीसाठी भरपूर वाळलेले गवत ठेवावे. त्याचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड हवेच. नाहीतर पिंजऱ्याच्या तारा वाजतात. लेंड्यांसाठी तो बहुधा एकच कोपरा निवडतो, तेथेच पसरट भांडे ठेवावे. आणि पहाटे त्याने आवाज केला म्हणून उठून खाऊ देऊ नये. पस ज्या पद्धतीने बागेची वेळ शिकला, त्याच पद्धतीने तोही पहाटेची वेळ शिकतो.

सशांनी कूपर बरा झाला, असे लिहिणारे आहेत. ते खरे नाही. १७८७ मध्ये आणि त्यानंतरही त्याचा आजार उलटला. पण ज्या वर्षांत दुसरे काही सुचत नव्हते, त्या वर्षांत खोकी बनवणे, भांडी धुणे आणि पाला आणणे एवढे तरी रोज करावेच लागले. बेस पूर्ण वाढ झाल्यावर थोड्याच काळात गेला. धुतलेल्या खोक्याचा ओलावा बाधला, असे कूपरने लिहिले आहे. पस सर्वांत जास्त जगला. ९ मार्च १७८६ रोजी तो गेल्याची नोंद कूपरने करून ठेवली आहे : वय अकरा वर्षे अकरा महिने, वेळ दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, कारण केवळ म्हातारपण.