परवान्याची गाडी, कल्पनेचा रोबो

जपानच्या टाकारा कंपनीने २००३ साली 'बायनलटेक' ही मालिका बाजारात आणली. तिचे पहिले खेळणे होते सुबारू इम्प्रेझा ही रॅलीची गाडी, खऱ्या गाडीच्या एक-चोविसांश मापाची. टायर रबरी, दारे उघडणारी, बॉनेट उचलले की खाली इंजिन. ठरलेल्या क्रमाने एकेक भाग वळवत नेला की गाडीतून 'स्मोकस्क्रीन' नावाचा रोबो उभा राहतो आणि तेच इंजिन त्याच्या हातातले शस्त्र होते. तळहाताहून थोड्या मोठ्या अशा या वस्तूवर दोन घराण्यांचा हक्क आहे. गाडीचे रूप, नाव आणि बोधचिन्ह तेव्हाच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजचे, म्हणजे सुबारू गाड्या बनवणाऱ्या कंपनीचे; रोबो मात्र टाकाराचा आणि अमेरिकेतल्या हॅस्ब्रोचा. या दोन घराण्यांमधला करार म्हणजे परवाना, आणि त्या कराराभोवती उभे राहिलेले अभ्यासक्षेत्र हा या पुस्तकाचा विषय.

क्षेत्र नवे असले तरी त्यात वावरणारी माणसे जुनीच आहेत. औद्योगिक रचनेचे विद्यार्थी खेळण्याचे सांधे पाहतात. कायद्याचे अभ्यासक निवाडे वाचतात. वाणिज्य शाखेची मंडळी रॉयल्टीचा हिशेब मांडतात आणि संग्राहक रंगाच्या एका छटेवरून रात्र जागवतात. चौघेही एकाच वस्तूबद्दल बोलत असतात, पण एका पंगतीला क्वचितच बसतात. त्यामुळे परवाना म्हणजे माल तयार झाल्यावर खोक्यावर छापायची एक ओळ, असा समज पक्का झाला आहे. या पुस्तकातल्या लेखांमागची भूमिका नेमकी उलट आहे. परवाना खेळण्याच्या आत शिरतो. गाडी कुठे कापायची, छाती कशाची करायची, रोबोला कोणते नाव द्यायचे, हे ठरवताना तो रचनाकाराच्या शेजारी बसलेला असतो.

इतिहासापासून सुरुवात करू. टाकाराची 'डायक्लोन' ही मालिका १९८० सालची. त्यात १९८२पासून खऱ्या गाड्यांचे रोबो येऊ लागले. माप साधारण एक-साठांश, कारण आत तीन सेंटीमीटरांचा, पायात लोहचुंबक बसवलेला छोटा चालक बसायचा. या रोबोंना स्वतःचा स्वभाव नव्हता, की खास नावही नव्हते. खेळण्याचे नाव म्हणजेच गाडीचे नाव: काउंटॅच एलपी ५००एस, फेअरलेडी झेड, व्हॅनेट. मुलगा दुकानात जाऊन गाडीच मागायचा. तिचा रोबो होतो हे वरचे दान.

हॅस्ब्रोने ही खेळणी आपल्याकडे घेतली आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने अमेरिकेत आणली. मार्व्हल कॉमिक्सकडे कथेचे काम दिले गेले आणि बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक रोबोंना नावे आणि स्वभाव दिले. पोलिसांच्या रंगातली फेअरलेडी झाली 'प्राऊल', त्याच साच्यातली दुसरी झाली 'ब्लूस्ट्रीक' आणि पुढच्या वर्षी शर्यतीच्या रंगातली तिसरी 'स्मोकस्क्रीन'. तिघांची शरीररचना एकच: बॉनेट छातीवर, दारे खांद्यामागे पंखांसारखी. खोक्यावरून गाडीचे नाव गेले आणि तिथे पात्राचे नाव आले. आपल्या क्षेत्राच्या दृष्टीने १९८४ सालची सर्वांत मोठी घटना हीच. गाडी होती तशीच राहिली. बदलले ते तिचे काम. काल ती विकायची वस्तू होती, आज ती पात्राचा पोशाख झाली.

पोशाखावर तिसऱ्याच कोणाची तरी नावे असतात, हेही याच काळात दिसते. 'मिराज' हा रोबो लिजिए संघाच्या फॉर्म्युला वन गाडीवर बेतलेला. खऱ्या गाडीवर जितान या फ्रेंच सिगारेटची जाहिरात होती. खेळण्यावरच्या स्टिकरात रोमन लिपीतले पहिलेच अक्षर बदललेले आहे: जीच्या जागी सी. दुरून पाहणाऱ्याला शर्यतीची गाडी ओळखू येते आणि जवळून वाचणाऱ्याला सिगारेटचे नाव सापडत नाही. रंग, पट्टे आणि प्रायोजकांची नावे हा हक्कांचा वेगळाच थर आहे. त्यावर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

१९८६च्या ॲनिमेशनपटाने दुसरी वाट धरली. त्याची कथा २००५ सालात घडते. त्यातली 'हॉट रॉड'सारखी नवी पात्रे कोणत्याही शोरूममध्ये नसलेल्या भविष्यातल्या गाड्या होतात. कल्पनेतल्या गाडीसाठी कोणाचीही सही लागत नाही. पण तिला रस्त्यावरची ओळखही नसते. खरी गाडी घेतली तर ओळख फुकट मिळते आणि परवानगी विकत घ्यावी लागते. काल्पनिक घेतली तर उलट. पुढच्या जवळजवळ प्रत्येक मालिकेचा इतिहास या दोन टोकांमधल्या ये-जा म्हणून वाचता येतो. मधली वाटही आहे: खऱ्या गाडीची चण ठेवायची, दिवे आणि जाळी बदलायची, नाव घ्यायचे नाही. या 'जवळपासच्या' गाड्यांकडेच अभ्यासकांनी सर्वांत कमी लक्ष दिले आहे.

आता कायद्याकडे. नवख्या वाचकाने एक फरक मनाशी पक्का करावा. गाडीच्या रचनेची नोंदणी ठरावीक मुदतीची असते. भारतात २००० सालच्या डिझाइन कायद्यानुसार दहा वर्षे आणि वाढवून घेतली तर आणखी पाच. व्यापारचिन्हाचे तसे नसते. नूतनीकरण होत राहिले आणि चिन्ह वापरात राहिले तर ते पिढ्यान् पिढ्या चालते. म्हणून १९८२ साली आलेल्या काउंटॅच एलपी ५००एसचा रोबो २०१२ साली टाकारा टोमीच्या 'मास्टरपीस' मालिकेत आला, तेव्हाही लॅम्बोर्गिनीचा परवाना घेतलेला होता. आकार जुना झाला तरी नाव म्हातारे होत नाही.

खेळण्यातल्या गाडीने खऱ्या गाडीच्या हक्काला धक्का लागतो का, या प्रश्नावर न्यायालयांचे एकमत नाही. न्यूरेंबर्गच्या ऑटेक कंपनीने रिमोटवर चालणारी ओपेल ॲस्ट्रा बनवली आणि तिच्या जाळीवर ओपेलच्या बोधचिन्हातली वीज उमटवली. ओपेलने हे चिन्ह खेळण्यांसाठीही नोंदवलेले होते. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. २००७च्या निकालाने कसोटी अशी घालून दिली: ग्राहकाला ते चिन्ह खेळण्याच्या उत्पादकाची खूण वाटते, की खऱ्या गाडीच्या हुबेहूबपणाचा एक भाग? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० साली ऑटेकच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेत मात्र २००६ साली सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने लनार्ड टॉइज या कंपनीच्या हमरसारख्या दिसणाऱ्या खेळण्यांविरुद्ध जनरल मोटर्सचे म्हणणे मान्य केले. तिथे गाडीचा बाह्य आकार हीच तिची ओळख धरली गेली. एकच खेळणे न्यूरेंबर्गमध्ये आणि डेट्रॉइटमध्ये विकायचे असेल, तर कंपनी सर्वांत कडक देशाचा विचार करून परवाना घेते. परवान्यांचा जागतिक बाजार उभा राहण्यामागे हे साधे गणित आहे.

पण वरचे दोन्ही निकाल सदासर्वकाळ गाडीच राहणाऱ्या खेळण्यांचे आहेत. रोबो झाल्यावर काय? बोधचिन्ह छातीवर येते, दार पाठीवर जाते, हातात बंदूक असते. हुबेहूबपणाचा युक्तिवाद गाडीच्या रूपाला लागू पडतो. रोबोच्या रूपाला तो कितपत लागू पडेल? कायद्याच्या विद्यार्थ्याला इथे प्रबंधाचा विषय तयार मिळतो.

कारखान्यात हा सगळा प्रश्न मिलिमीटरांत मोजला जातो. परवाना देणारी कंपनी गाडीचे रूप तपासते: बेढब भेग नको, चाकांमधले अंतर बरोबर हवे, रंग खऱ्या गाडीचाच हवा. आराखडा, रंगवलेला नमुना, खोक्यावरचे चित्र अशा टप्प्याटप्प्यांवर मंजुरी लागते. परिणामी रचनाकार आपले काप खऱ्या गाडीच्याच फटींत लपवतो: दाराची कड, बॉनेटचा सांधा, बंपरची खालची रेघ. टप मधोमध चिरला तर तो दिसतो. काचेच्या चौकटीवरून चिरला तर दिसत नाही. गाडीच्या रूपात काहीच मोकळीक उरली नाही की सगळी गुंतागुंत रोबोच्या पोटात ढकलली जाते. १९८४च्या खेळण्यात मोजके सांधे होते आणि रोबोचा टप पाठीवर उघडाच दिसायचा. अलीकडच्या महागड्या खेळण्यात तोच टप तीन घड्या घालून पाठीत बसतो. संग्राहक याचे श्रेय तंत्रज्ञानाला देतात. माझ्या मते निम्मे श्रेय मंजुरी देणाऱ्या टेबलाचे आहे.

बाजारानुसार बिल्ला कसा बदलतो, हेही पाहण्यासारखे आहे. जपानच्या 'बायनलटेक'मध्ये प्राऊल झाला होंडा इंटेग्रा. हॅस्ब्रोच्या 'अल्टरनेटर्स' मालिकेत तोच साचा ॲक्युरा आरएसएक्स झाला, कारण अमेरिकेत ती गाडी त्या नावाने विकली जात होती. याच मालिकेत ब्लूस्ट्रीकला स्वतःचे नाव मिळाले नाही. तो 'सिल्व्हरस्ट्रीक' म्हणून आला. व्यापारचिन्हांच्या गर्दीत गाडीच काय, रोबोलाही आपले नाव टिकवावे लागते.

पैशाचा ओघ नेहमी खेळण्याकडून गाडीकडेच वाहतो, असेही नाही. २००७च्या चित्रपटात जनरल मोटर्सच्या कमारो, सॉल्स्टिस, टॉपकिक आणि हमर एच२ या गाड्या नायकांच्या गटात होत्या. मूळ खेळण्यात फोक्सवॅगन बीटल असलेला 'बंबलबी' इथे कमारो झाला. बीटल पाहून प्रेक्षकांना डिस्नेच्या चित्रपटांतली हर्बी ही बीटल आठवेल, असे दिग्दर्शक मायकेल बे यांचे म्हणणे होते. नवी कमारो विक्रीला आली २००९ मध्ये, आणि पाठोपाठ तिची 'ट्रान्सफॉर्मर्स' आवृत्तीही निघाली, रोबोंच्या गटाचे चिन्ह अंगावर मिरवणारी. खेळण्याने गाडीकडून बिल्ला घेतला होता. आता गाडीने खेळण्याकडून घेतला. बंबलबी २०१८च्या चित्रपटात पुन्हा बीटल झाला आणि त्या रूपातले खेळणेही आले.

मराठी वाचकाला हे सगळे दूरदेशीचे वाटू नये. २००९च्या चित्रपटातल्या 'स्किड्स' या हिरव्या रोबोची गाडी होती शेव्हरोले बीट, तेव्हा संकल्पनेच्या अवस्थेतली. पुढच्याच वर्षी बीट भारतात आली आणि पुण्याजवळच्या तळेगावात बनू लागली. जीपचा धागा तर आणखी जुना. १९८४चा 'हाउंड' हा मित्सुबिशीने परवान्यावर बनवलेल्या जीपचा रोबो आणि 'अल्टरनेटर्स'मधला हाउंड जीप रँग्लरचा. मुंबईच्या महिंद्रनेही विलीजच्या जीपपासूनच मोटारधंद्यात पाऊल टाकले. त्याच महिंद्रच्या 'रॉक्सर' या गाडीवर फियाट क्रायस्लरने २०१८ साली अमेरिकेत दावा लावला. तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०२० मध्ये जीपच्या रूपावरचा तिचा हक्क मान्य केला आणि रॉक्सरला चेहरा बदलावा लागला. रॉक्सर खेळणे नव्हे. पण गाडीचा आकार कोणाचा, हा प्रश्न तोच, आणि तो समजून घेण्याची गरज चाकणच्या साचेकाराला खेळण्यांच्या रचनाकाराइतकीच आहे.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल थोडेसे. पहिला भाग इतिहासाचा आहे. गाड्यांची नावे परिचयाची नसतील तर तिथूनच सुरुवात करावी. दुसरा भाग निवाड्यांचा; त्यात कायद्याची परिभाषा जिथे अटळ आहे तिथेच ठेवली आहे. तिसरा भाग साचे, सांधे आणि मंजुरीच्या टप्प्यांचा आहे. त्यातली प्रकरणे वाचताना शक्य असेल तर एखादे खेळणे हाताशी ठेवून ते उलगडत जावे. चौथ्या भागात परवान्याशिवाय चालणाऱ्या बाजाराचा विचार आहे. संग्राहक ज्यांना 'थर्ड पार्टी' म्हणतात, त्या छोट्या कंपन्या हॅस्ब्रोची परवानगी न घेता त्यांचे रोबो बनवतात, आणि कित्येकदा गाडीच्या कंपनीचीही नाही. त्यांना नुसते चोर म्हणून हा विषय संपत नाही आणि कलावंत म्हणूनही संपत नाही. लेखकांमध्येही याबाबत मतभेद आहेत आणि ते आम्ही तसेच ठेवले आहेत.

मंजुरीच्या पत्रव्यवहाराचे बरेचसे दप्तर कंपन्यांच्या कपाटात बंद आहे. ते उघडेपर्यंत आपला मुख्य पुरावा म्हणजे खुद्द खेळणी, त्यांची खोकी आणि न्यायालयांचे निकाल. तेवढ्या सामग्रीवरही पुष्कळ काम होऊ शकते. विजेवरच्या गाड्यांना पुढे जाळी लागत नाही आणि बॉनेटखाली इंजिनही नसते. मग अशा गाडीची ओळख तिच्या कोणत्या भागावर नोंदवायची, आणि रोबोच्या छातीवर काय आणायचे? या प्रश्नाला आज कोणाकडेच बांधीव उत्तर नाही. ज्याने करारनामे वाचले आहेत आणि ज्याने खेळण्याचे स्क्रू काढून पाहिले आहेत, त्या दोघांनी तो मिळून सोडवावा. या पुस्तकाने त्यांची ओळख करून दिली, तर त्याचे काम झाले.